प्लगवरची काजळी

"बस करा ही टाळकुटी!" म्हणत सरदारसाहेबांनी श्रीपादबुवांना भर कीर्तनातून उठवलं. त्याच दिवशी बुवांच्या मागे झांज धरणाऱ्या खंडोजीनं शपथ घेतली, की या माणसाला बुवांसमोर जमिनीवर बसवीन, तरच नावाचा!

देवासात तेव्हा मोटारी दोनच, आणि सरदारांची मोटार हाकणारा हाच खंडोजी. इंजिनात तेल जास्त घालून गाडी रेंगाळत नेली, की प्लगवर काजळी धरते नि ठिणगी मरते, हे त्याला पक्कं ठाऊक.

एकादशीला दरबारातून परतताना मोटार नेमकी विठ्ठलमंदिरासमोर बंद पडली. आत बुवांचं कीर्तन रंगलं होतं.

"क्यों भिया, इसका भी उपास है क्या?" बाजारातून कुणीतरी ओरडलं.

चारचौघांत शोभा नको म्हणून सरदार देवळात शिरले आणि मुकाट जाजमावर बसले.

पुढच्या दोन एकादशींनाही तेच. पण तिसऱ्या खेपेला प्लग घासता घासता खंडोजीनं आत डोकावलं, तर सरदार डोळे मिटून डोलताहेत! त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या हाती काजळी, माझी झांज दुसऱ्याच्या हाती, आणि अमृत याला?

चौथ्या एकादशीला त्यानं प्लग आधीच लख्ख घासला, तेल मापात घातलं आणि मोटार देवळावरून भरधाव काढली.

मागून सरदारांची काठी त्याच्या खांद्यावर टेकली.



"काय रे खंडोजी, आज तेल कमी का घातलंस?"