धाकट्या राजपुत्राची राणी

“मंग त्या सुनेचं काय केलं त्याइनं?” तूर पाखडता पाखडता चतुराबाईंनी विचारलं.

ज्योत्स्नाच्या बी.ए.च्या पेपरला इंग्लंडचं ट्यूडर घराणं होतं. या घराण्यानं पुढे अख्ख्या देशाचा धर्मच बदलून टाकला. नवरा जाऊन वर्ष व्हायचंय आणि ही परीक्षेला बसते, म्हणून केनवड गावात कुजबूज होती. सासूनं, म्हणजे चतुराबाईंनी, त्या कुजबुजीला भीक घातली नाही. उलट रोज राजाराणीची चौकशी त्याच करायच्या.

थोरला राजपुत्र लग्नानंतर थोड्याच महिन्यांत आजारानं गेला, ज्योत्स्नानं सांगितलं. सासऱ्यानं सुनेला माहेरी जाऊ दिलं नाही. धर्मगुरूची परवानगी आणली. पुढे धाकटा गादीवर बसला आणि त्यानं तिच्याशीच लग्न केलं.

चतुराबाईंचं सूप थांबलं. “सख्ख्या दिरासंग?”

“हो.”

“पुढं?”

“पुढचं वाचलंच नाई अजून, आत्याबाई.”

तिनं पुस्तक मिटलं. त्याच राजानं पुढे त्या राणीला टाकलं, त्या पानांवरही पेन्सिलीच्या खुणा होत्या, पण चतुराबाईंना अक्षरओळख नव्हती.

घरात सासरे नानाजींचा शब्द चालायचा. वर्षश्राद्ध उरकलं की सुनेला मेडशीला तिच्या भावांकडे कायमचं पोचवायचं, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. भावांनी तिच्या खोलीत केव्हाच सोयाबीनची पोती रचली होती. मुलगा गेला, आता सूनही जाणार, या विचारानं चतुराबाई प्रत्येक कामाला तिला जवळ बसवून घ्यायच्या.

थोरला मुलगा, ज्योत्स्नाचा नवरा भागवत विहिरीतच वारला होता. मोटारीची केबल जोडायला तो पाण्यात उतरला होता आणि धाकटा भाऊ धीरज लांब विजेच्या डीपीपाशी उभा होता. काम झालं, माणूस वर आला, की मिस कॉल द्यायचा आणि मगच दुसऱ्यानं फ्यूज टाकून वीज सोडायची, ही तिथली नेहमीची रीत. भागवतच्या फोनवरून मिस कॉल आला, धीरजनं फ्यूज टाकला आणि पाण्यात वीज उतरली. डबा घेऊन गेलेल्या ज्योत्स्नाचा हंबरडा रस्त्यापर्यंत ऐकू गेला. फोन काठावर काढून ठेवलेल्या शर्टाच्या खिशात सापडला. मिस कॉल देऊन, काही राहिलं म्हणून भागवत पुन्हा उतरला असेल, असं सगळ्यांनीच धरलं.

तेव्हापासून धीरज कुणाशी नजर मिळवत नव्हता.

तुरीचं सूप बाजूला ठेवून चतुराबाई नवऱ्यापुढे जाऊन बसल्या. “राजाच्या घरी चालते, तं आपल्या घरी काहून नाई?”

नानाजी संतापले. मेडशीला निरोप धाडायचं मात्र टाळत राहिले. शेवटी स्वतःच मुहूर्त काढून आले.

ज्योत्स्नानं रडून घर डोक्यावर घेतलं. धीरज मले भावासारखा, असं म्हणत दोन दिवस ती जेवली नाही. चतुराबाईंनी तिचे पाय धरले, तेव्हा कुठे ती उठली. धीरजनं मात्र एका शब्दात हो म्हटलं. भावाच्या मरणाच्या ओझ्याखाली तो कशालाही हो म्हणाला असता.

रिसोडच्या एका देवळात, चार माणसांत लग्न लागलं. ज्योत्स्नानं मान वर केली नाही.

घरी आल्यावर दुपारी दोघांना खोलीत बसवलं. धीरजला राहवलं नाही. तो हुंदके देत म्हणाला, “वैनी, देवाशप्पथ, दादाचा मिस कॉल आलता. म्हणूनच फ्यूज टाकला मी.”

ज्योत्स्नानं दार लोटलं. जवळ बसून पदरानं त्याचे डोळे पुसले.

“मले मालूम हाये,” ती हळूच म्हणाली. “मीच देलता.”