मिटलेले ओठ

चित्रकला शिकवणाऱ्या सुमेधानं आईच्या पहिल्या स्मृतिदिनासाठी महिनोन्महिने खपून तिचं तैलचित्र रंगवलं. हुबळीच्या घरी ते भिंतीवर लावल्यावर अप्पा म्हणाले, “छान जमलंय.” मग धाकट्या बहिणीनं, आरुषीनं, टॅबलेटवर काढलेलं आईचं चित्र छापून आणलं. जिनं कधी ब्रश धरला नाही, तिनं! अप्पांनी ते हातात घेतलं. “नागू, आलीस होय?” ते चित्रातल्या आईशीच बोलले. सुमेधाचा जळफळाट झाला. चूक सापडेल म्हणून ती चित्रावर वाकली. आई हसत होती, पुढे आलेल्या दातासकट. तोच दात लपवायला सुमेधानं आईचे ओठ मिटवले होते. “अक्का, तुझ्या चित्राशेजारी लावू?” आरुषीनं बिचकत विचारलं. सुमेधानं आपलं चित्र उतरवलं आणि त्या खिळ्यावर आरुषीचं अडकवलं. जळफळाट शमला नव्हता, पण आईला डोळे भरून बघायचं तिलाही होतं.