दहीबाईंची वाटी

"मॅडम, दाढ बरी झाली ना? मग होऊ द्या!" आठवा महिना लागलेली, वर्गातली थोरली म्हणाली आणि सगळ्यांनी माना पुढे केल्या.

टेबलावर वाटी होती आणि वाटीत दही. आहारतज्ज्ञ बाईंचा नेमच होता तसा. गरोदर बायकांच्या वर्गात आधी स्वतः वाटीभर दही खायचं, मग बोलायला लागायचं. आंबवलेल्या पदार्थांतले जिवाणू पोटाला कसे उपयोगी, या दिवसांत पचनाला त्यांची कशी मदत होते, हे त्या इतक्या जीव तोडून सांगत, की पाठीमागे सगळ्या त्यांना दहीबाईच म्हणत. शेवटी त्या विचारत, "रोजची वाटी संपते ना?" वर्ग एका सुरात ओरडे, "संपते!" बाई खूश होऊन घरी जात.

गेले दोन वर्ग मात्र त्यांनी दाढदुखीवर निभावून नेले होते. आज ती सबब चालणार नव्हती. आपणच तोंड फिरवलं तर या कशाला खातील? एवढ्या कष्टाने लावलेली सवय आपल्याच हाताने मोडायची, या विचाराने त्यांना रडू यायचंच काय ते बाकी होतं.

बाईंनी श्वास रोखून चमचा उचलला. तो नाकाजवळ आला मात्र, तोंडावर रुमाल दाबून त्या बेसिनकडे धावल्या.

परतल्या तेव्हा चेहरा पार उतरला होता.

"दाढ ठणठणीत आहे," त्या म्हणाल्या. "मला तिसरा महिना आहे. दह्याचा वाससुद्धा सहन होत नाही. तुम्हाला एवढं शिकवते आणि... माफ करा मला."

मग कोपऱ्यातून बारीक आवाज आला, "मला पातळ ताक जातं, मॅडम. दही नाही जात."

"मला तर तेही नाही!" दुसरी म्हणाली.

बघता बघता हशा उसळला. कुणी बाईंना पाणी दिलं, कुणी अभिनंदन करून हात दाबला. बाईंना फार बरं वाटलं, पण त्या चक्रावल्याही.

"अहो, मग रोजची वाटी संपते म्हणता ती?"

थोरलीने रांगेतली एक खुर्ची ओढली आणि बाईंना हाताला धरून आपल्या शेजारी बसवलं.

"संपतेच की! आमचे नवरे असे गुटगुटीत झालेत ते कशावर, असं वाटलं तुम्हाला?"