चंद्र दिसेपर्यंत

मुलुंडच्या नर्सिंग होममध्ये नॅन्सी रोझारिओ तात्पुरती नर्स होती. तिला कायम करायचं की नाही, ते शनिवारी ठरणार होतं. मंगळवारी सकाळी आठला तिने काचेची सिरिंज उकळून शेवंतीकाकूंना इन्सुलिन दिलं, उपम्याची बशी हातात ठेवली आणि पुढच्या खाटेकडे वळली. परत येताना तिने विचारलं, "काकू, खाल्लंत ना?" काकूंनी मान डोलावली. बशी रिकामी होती. नॅन्सीने तक्त्यावर लिहिलं, नाश्ता घेतला.

साडेदहाला सुलक्षणा आया हसत म्हणाली, "उपमा झकास होता हं आजचा! काकूंनी मला दिला. त्यांचा अंगारकीचा उपास ना, आता चंद्र दिसेपर्यंत पाणीसुद्धा नाही."

काकूंच्या अंगात इन्सुलिन आणि पोटात काहीच नाही. नॅन्सी धावली. काकू घामाने निथळत होत्या, हात गार पडले होते, जीभ जड झाली होती. तिने साखरेचं पाणी ओठांना लावलं, तर त्यांनी दात घट्ट आवळले.

"काकू, मराल हो! तोंड उघडा!"

अर्धं पाणी उशीवर सांडलं. उरलेलं तिने थेंब थेंब करून त्यांच्या गालात सोडलं.

दहा मिनिटांनी काकूंनी डोळे उघडले, ओठांवरची साखर चाखली आणि त्यांना रडू फुटलं.



"मोडलास ना उपास? तुला इथं कायम करावं म्हणूनच धरला होता गं, बये!"