बिनपरवानगीचा मास्टर

“सर, परवानगी लागती का?” खुर्चीवर टेकायच्या आधीच कस्तुराबाईंनी विचारलं.

पाथरीच्या त्या खोलीत भागवत सर रेकी शिकवायचे. ते हसले. “कसली परवानगी?”

“लांबून रेकी पाठवायची तर ज्याला पाठवायची त्याला आधी इचारावं लागतं म्हणं. परभणीच्या राजेश्री मॅडम तसंच म्हणल्या. जिंतूरचे दत्तराव गुरुजी बी तेच.”

कस्तुराबाई पिंगळीच्या. एसटीचं तिकीट अर्धं झाल्यापासून गावातल्या बायका देवदर्शनाला हिंडत होत्या, या मात्र गुरू शोधत हिंडत होत्या. बचत गटातल्या गीताबाईंनी सांगितलं होतं की रेकी शिकलेला माणूस घरी बसून लांबच्या माणसाला बरं वाटायला लावतो. तेव्हापासून बाईंच्या डोक्यात तेच बसलं होतं. गुरू निवडताना लोक प्रमाणपत्र बघतात, आधीच्या शिष्यांना भेटतात. बाईंची अट एकच होती. लेकीला कळता कामा नये.

लेक म्हणजे अर्पिता. ती पुण्यात असते. तिला सातवा महिना लागलाय आणि डॉक्टरांनी पलंगावरून उठू नको म्हणून बजावलंय, हे बाईंना पुतणीकडून, भक्तीकडून कळलं होतं. अर्पिताचा नंबरही भक्तीनेच मोबाइलमध्ये टाकून दिला होता. बाई रोज तो नंबर काढायच्या, नावाकडे बघायच्या आणि मोबाइल उशाखाली सारायच्या. नवरा गेल्यापासून घरात बोलायला कोणी नव्हतं. टीव्ही चालू ठेवायच्या, तेवढाच माणसांचा आवाज. एकटीपुरती भाकरी थापताना रडू यायचं. मग रडत रडत ती भाकरी खायच्या, करतात काय! लेकीशी बोलायची त्यांना भीती वाटायची. आवाज ऐकून तिनं फोन कट केला तर? रेकीचं बरं होतं. ती कोणाला कट करता येत नाही.

राजेश्री मॅडम तशा चांगल्या होत्या. पण म्हणाल्या, “लांबून पाठवणं पुढचं आहे, मावशी. पहिल्या वर्गात माणसाजवळ बसायचं आणि त्याच्या अंगावर हात ठेवायचा. ते आधी शिका. आणि मुलीला विचारून घ्या.” बाईंना रागच आला. जवळ बसता आलं असतं तर हिच्याकडे कशाला आले असते? त्या अर्धा चहा तसाच टाकून उठल्या. दत्तराव गुरुजींकडे तर चहालाही थांबल्या नाहीत.

“आपल्याकडं तसलं काही न्हाई,” भागवत सर म्हणाले. “फोटो आणलाय?”

बाईंनी पिशवीतून फोटो काढला. भक्तीच्या मोबाइलवरून स्टुडिओत काढून घेतलेला. अर्पिता झोक्यावर बसलेली, पोटावर हात, हसणारी. सरांनी तो टेबलावरच्या ताटात ठेवला. ताटात आधीच पुष्कळ फोटो होते. कोणाचा नवरा, कोणाची सून, कोणाचा भाऊ. एक जण तर चांगला साहेब दिसत होता. ही सगळी मंडळी आपापल्या घरी होती आणि इथून आपल्यावर काय सोडलं जातंय याचा त्यांना पत्ता नव्हता.

लेक आपल्याशी बोलत नाही, हे बाईंनी फोटो देतानाच सांगितलं होतं. “काही फिकीर करू नका. तिचं मन वळंल. ती सोताहून फोन करील.”

बाईंचा जीव हरखला. असाच गुरू पाहिजे होता. तरी त्यांनी खात्री करून घेतली. “आन् तिला कळणार न्हाई ना?”

“कशाला कळतंय? लेकराला काय इचारायचं? तुमी आई हायत की.”

हे वाक्य बाईंनी आधी ऐकलं होतं. स्वतःच्याच तोंडून.

अर्पिता परभणीला होस्टेलवर शिकत होती तेव्हा घरी सोयरीक आली होती. पाहुणे बैठकीत बसले होते, सुपारी फुटायची वेळ झाली होती. थोरल्या दिरांनी स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन विचारलं, पोरीच्या कानावर घातलंय का? बाई भजी तळत होत्या. हातातला झारा न ठेवताच त्या म्हणाल्या, “लेकराला काय इचारायचं? मी आई हाय की.” सुपारी फुटली. पुढच्या शनिवारी अर्पिता घरी आली तेव्हा शेजारणीने तिला हसून विचारलं, साड्या कुठून घेणार? आपलं लग्न ठरलंय हे तिला असं कळलं. रविवारी ती गेली ती गेलीच.

बाईंनी ताटातला फोटो उचलला.

“अवं बसा की. गुण येतो बघा,” सर म्हणाले.

“येत असंल, सर. पर तिला न इचारता आता काहीच नको.”

बसस्थानकावरच्या बाकावर बसून त्यांनी नंबर काढला. नावाकडे बघितलं. या वेळी दाबला.

“हॅलो, कोण?”

“मी आई बोलायले.”

पलीकडून फोन कट झाला नाही. एसटी सुटत असल्यासारख्या बाई घाईघाईने बोलत सुटल्या. “मी रेकी शिकणार हाय. त्यानं माणसाला बरं वाटतं. लांबून बी पाठवता येती. पर ज्याला पाठवायची त्याला इचारावं लागतं. तुला पाठवू का?”

“मला विचारायलीस, आई?”

“हां. तुलाच. न्हाई म्हणलीस तरी चालतंय.”

अर्पिताने नाक ओढलं.

“पाठवू नको,” ती म्हणाली.

बाईंनी डोळे मिटून घेतले.

“तूच ये.”