आठचा फोन

संगणकाच्या पडद्याच्या कोपऱ्यात पिवळी पट्टी होती. 'काम थांबवलेले आहे.' ऑपरेटरने घड्याळाकडे पाहिलं. अकरा वाजून वीस मिनिटं.

सात वाजता तिनेच थांबवलं होतं. कुणा आजोबांचा नंबर बदलायचा होता, पाच मिनिटांचं काम. नंबर बदलला, तेवढ्यात प्रिंटरमध्ये कागद अडकला, मग चहा आला, आणि 'पुन्हा सुरू करा' दाबायचं राहूनच गेलं.

एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना रोज सकाळी आठला फोन करायचा, हे त्या कंपनीचं काम. फोन यंत्र करायचं. यंत्रातली बाई विचारायची, "बरं आहे ना? असेल तर एक दाबा." तीनदा फोन करूनही कुणी एक दाबला नाही, तर घरच्यांना आपोआप निरोप जायचा. निरोप नाही म्हणजे सगळं ठीक, असं समजून लांब राहणारी मुलं निवांत आपापल्या कामाला लागायची. आज तीनशे बारा घरांत फोन वाजलाच नव्हता. मुलं मात्र निवांत होती.

मॅनेजर तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. तिने घडलं ते सांगितलं आणि बटण दाबलं. पडद्यावर प्रश्न आला: अडकलेले फोन आत्ता करायचे, की वगळायचे?

"वगळ," मॅनेजर म्हणाला. "उद्या आठला जातील नेहमीसारखे. कुणाला कळायचंसुद्धा नाही. विचारलंच कुणी, तर सांग सिस्टिम बंद होती."

तिने 'आत्ता करा' दाबलं.

"अगं!" मॅनेजर ओरडला. पण फोन सुटले होते.

हिरव्या खुणा उमटू लागल्या. आधी एकेक, मग भराभर. दोनशे. दोनशे ऐंशी. तीनशे अकरा. मग पडदा थांबला. एक नाव लाल राहिलं होतं. शिवणकाम करणाऱ्या एक बाई, वय एक्क्याऐंशी, घरी साधा फोन, मोबाइल नाही. एकदा वाजला, दोनदा, तीनदा. निरोप गेला, आणि मिनिटभरात बाईंच्या मुलीचाच फोन आला.

"आई उचलत नाहीये. सकाळी आठला उचलला होता ना तिने?"

"मी स्वतः जाऊन बघते," एवढंच ऑपरेटर म्हणाली आणि धावत खाली उतरली.

रिक्षात तिच्या डोक्यात एकच हिशोब चालू होता. आठ ते अकरा वीस. तीन तास वीस मिनिटं. बाई आठला पडल्या असतील तर? पडून हाका मारत असतील तर?

शेजारच्या काकूंकडे किल्ली होती. ती घेऊन कुलूप ऑपरेटरनेच उघडलं. बिछाना नीट घातलेला. शिलाई मशीनवर अर्धा शिवलेला पडदा, सुईत दोरा तसाच. न्हाणीघराचं दार लोटलेलं होतं. तिने श्वास रोखून ते ढकललं. आत कुणी नव्हतं.

"कधी घराबाहेर पडत नाहीत हो त्या," काकू रडवेल्या झाल्या. "जिना उतरायचा म्हणजे गुडघे धरतात त्यांचे."

तेवढ्यात ऑपरेटरचा मोबाइल वाजला. मॅनेजर होता.

"परत ये. बाई इथे येऊन बसल्यात."

तिने आधी बाईंच्या मुलीला फोन लावला. आई सुखरूप आहेत, एवढं सांगितलं आणि ती परत निघाली.

ऑफिसात बाई दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या होत्या. इस्त्रीची साडी, हातात कंपनीचं कार्ड, कपाळावर घाम. दोन बस बदलून आल्या होत्या. मॅनेजर पाण्याचा ग्लास घेऊन समोर उभा होता.

"मी तुमच्यासाठी नाही आले," बाई त्याला सांगत होत्या. "मला रोज फोन करते ना, ती मुलगी कुठाय? चार वर्षांत तिचा एक दिवस चुकला नाही. आज आला नाही फोन. दहापर्यंत वाट बघितली. फोनवर काय कळतंय, म्हणून आले. बरी आहे ना ती?"

"आजी, त्याचं काय आहे," मॅनेजर घसा खाकरून म्हणाला, "ती काही खरी मुलगी नाही. ते एक यंत्र असतं, आणि आज सिस्टिम..."

ऑपरेटर पुढे झाली आणि बाईंच्या पायाशी बसली.

"मीच ती, आजी," ती म्हणाली. "आज फोन करायला विसरले."