चारशे ग्रॅम

वजनाचा काटा चारशे ग्रॅम जास्त दाखवत होता. कॉलेजच्या हलक्या वजनगटातल्या रोइंग (वल्हवण्याच्या) टीममधली केतकीची जागा जाणार, एवढ्यात कोच सरांनी चिंचेचा गोळा आणि रिकामी बाटली पुढे केली.

"चोख आणि थुंकत राहा. तासाभरात उतरेल."

शी! पण डोळे मिटून तिने थुंकायला घेतलं. बाटली निम्मी भरली, हाताला कोमट लागली. शेजारी ज्युनिअर पोरगीही थुंकत बसली होती.

"ताई, माझं वजन बरोबरच आहे गं. पण सर म्हणाले, आत्तापासून सवय कर."

तिच्या हनुवटीवरून ओघळणारी लाळ पाहिली आणि केतकी ताडकन उठली. सरांच्या टेबलावरच्या 'खेळाडू विकास योजना' फायलीवर तिने बाटली उपडी केली.

"जागा गेली तुझी!" सर किंचाळले.

"गेली तर गेली!" तिने पोरीचा हात धरला. "चल गं, डबा खाऊ."